पदर सुटतात तेव्हां

श्रोतेहो, आजच्या भाषणाच्या विषयाचें नांव थोडें जड आहे. तंतूंनीं बळकट केलेल्या थरांच्या फळ्या ओझ्याखालीं कशा वागतात, हें मला आपणांस सांगावयाचें आहे. नांव ऐकून रेडिओची कळ फिरवूं नका. कारण या विषयाचा पहिला धडा आपणांपैकीं प्रत्येकानें स्वयंपाकघरांतच घेतलेला आहे. घडीची पोळी आठवा. कणकेच्या गोळ्याला तेलाचें बोट लावून घडी घातली, लाटली आणि भाजली, कीं तिला पदर सुटतात. गृहिणीच्या दृष्टीनें पदर सुटणें हें पोळीचें भूषण. ज्या वस्तूंविषयीं मी आज बोलणार आहें त्यांचे पदर सुटले, तर मात्र प्रसंगीं माणसें मरतात.

दुसरा धडा बांबूचा. बांबूची एखादी कांब दोन्ही टोंकांस धरून ओढून तोडूं म्हटलें, तर पैलवानाचेंही कांहीं चालत नाहीं. पण तीच कांब टोंकाशीं कोयत्यानें जराशी चिरून दोन बाजूंस ओढली, कीं या टोंकापासून त्या टोंकापर्यंत आपण होऊन फाटत जाते. बुरूड दिवसभर हेंच करीत असतो. बांबूंत उभे, चिवट तंतु असतात आणि त्यांना धरून ठेवणारें एक मऊ द्रव्य असतें. लांबीच्या दिशेनें ओढ दिली तर ती तंतूंवर पडते. आडवी दिली तर त्या मऊ द्रव्यावर. बांबूला वाऱ्यांत वांकून उभें राहावयाचें असतें, म्हणून जिकडे ओझें तिकडे तंतु हा निसर्गाचा हिशेब अगदीं बरोबर आहे. कोयत्याचा विचार त्यानें केलेला नाहीं, इतकेंच.

हाच हिशेब माणसानें हातीं घेतला तो या शतकांत नव्हे, गेल्या शतकांत. इंग्लंडांत फार्नबरो येथील विमानविषयक संशोधनशाळेंत काम करणाऱ्या ए. ए. ग्रिफिथ या तरुण अभियंत्यानें १९२० च्या सुमारास कांचेचे बारीक तंतु ओढले आणि ते तोडून पाहिले. कांच म्हणजे ठिसूळपणाची मूर्ति, अशी आपली समजूत. पण त्याला असें आढळलें, कीं तंतु जितका बारीक तितका तो बळकट, आणि अत्यंत बारीक तंतु तर जाड कांडीच्या कित्येक पट ताण सोसतो. कारण असें, कीं कांच मोडते ती तिच्या अंगावरील सूक्ष्म चिरांमुळें. आणि बारीक तंतूंत मोठी चीर मावतच नाहीं. पुढें कांचेच्या तंतूंचे कारखाने निघाले, आणि १९६० नंतर जपानांत व पुनः त्याच फार्नबरो येथें कार्बनाचे तंतु तयार झाले. हा तंतु इतका बारीक, कीं एका मिलिमीटरांत सुमारें एकशेंचाळीस तंतु शेजारीं शेजारीं बसतील. त्याचें वजन त्याच आकाराच्या पोलादाच्या पावपटीहून कमी, ताठरपणा पोलादाहून थोडा अधिकच, आणि ताण सोसण्याची शक्ति तर बांधकामाच्या साध्या पोलादाच्या अनेक पट.

पण तंतु तो तंतुच. दोरीनें गाडा ओढतां येतो, ढकलतां येत नाहीं. म्हणून या तंतूंना राळ पाजावी लागते. ही राळ झाडाची नव्हे, रसायनशाळेंतली. तिची एक जात इपॉक्सी या नांवानें प्रसिद्ध आहे. राळ पाजलेल्या तंतूंची फीत साधारणतः मिलिमीटराच्या आठव्या भागाइतकी जाड असते. अशा फिती एकावर एक रचून, दाबून, भट्टींत भाजल्या, कीं त्यांची एक घट्ट फळी बनते. सोयीसाठीं आपण तिला थरफळी म्हणूं. एखाद्या गच्चीवरची कांचतंतूंची पाण्याची टांकी, मुलांची बॅडमिंटनची रॅकेट, कोंकण किनाऱ्यावर हल्लीं सर्रास दिसणारी ‘फायबर’ची होडी, हीं सारीं याच कुळांतलीं. टांकींत आणि होडींत कांचेचे तंतु असतात, आणि ते बहुधा अस्ताव्यस्त पसरलेले किंवा विणलेले असतात. विमानांत कार्बनाचे, आणि ते शिस्तीनें मांडलेले.

या शिस्तींतच सारें रहस्य आहे. एकाच दिशेनें तंतु असलेला थर घ्या. तंतूंच्या दिशेनें तो जितका ताण सोसतो, त्याच्या तिसाव्या-चाळिसाव्या हिश्श्याइतकाच आडव्या दिशेनें सोसतो. ओढ तंतूंपासून दहा अंशांनीं कलली तरी त्याचें बळ निम्म्याहून बरेंच खालीं येतें. पोलाद याच्या उलट समदर्शी आहे. त्याला कोठूनही ओढा, तें सर्व दिशांना सारखेंच मानतें. त्यामुळें पोलादाचा पूल बांधणाऱ्याला पत्रा कोणता आणि किती जाड एवढेंच ठरवावें लागतें. पण थरफळी करणाऱ्याला आधीं पदार्थच घडवावा लागतो. कांहीं थर उभे, कांहीं आडवे, कांहीं डावीकडे पंचेचाळीस अंश कललेले, तितकेच उजवीकडे. कोणत्या दिशेला किती थर, हें ओझ्याकडे पाहून ठरवावयाचें. आणि क्रमही महत्त्वाचा. थर तापून निवतांना तंतूंच्या दिशेनें जवळजवळ आंखडत नाहीं, आडव्या दिशेनें मात्र चांगलाच आंखडतो. म्हणून मधल्या रेघेच्या वर जी मांडणी, तीच आरशांतल्यासारखी खालीं करावी लागते. तसें न केल्यास भट्टींतून सपाट फळीऐवजीं उन्हांत वाळत घातलेल्या पापडासारखी वांकडी वस्तु बाहेर येते.

या वांकडेपणाचा एका ठिकाणीं मोठा चतुर उपयोग करून घेतलेला आहे, तो सांगितल्यावांचून मला पुढें जाववत नाहीं. विमानाचे पंख मागें कललेले असतात, पुढें झुकलेले क्वचितच. पुढें झुकलेल्या पंखाचे कांहीं फायदे आहेत. परंतु हवेच्या जोरानें तो वर वांकला, कीं त्याची पुढची कड वर वळते, ती अधिक हवा घेते, पंख अधिक वांकतो, आणि ठराविक वेगापुढें तो उखडून निघतो. धातूचा असा पंख पुरेसा ताठ करूं गेल्यास अतोनात जड होतो. अमेरिकेंत ग्रमन कंपनीनें बांधलेलें एक्स-२९ हें विमान डिसेंबर १९८४ मध्यें प्रथम उडालें, त्याचे पंख असेच पुढें झुकलेले होते. त्यांच्या पाठीवरील थरांतले तंतु अशा बेतानें तिरके घातले होते, कीं पंख वर वांकूं लागला म्हणजे त्याच वांकण्यानें पुढची कड खालीं पिळली जावी. रोग आणि औषध एकाच हालचालींत! पोलादाला किंवा ॲल्युमिनियमला ही युक्ति शिकवितां येत नाहीं.

इथवर थरफळीची स्तुति झाली. आतां तिचें उणें.

वर-खालीं, डावे-उजवे, तिरके असे सर्व दिशांना आपण तंतु घातले. पण एक दिशा राहिलीच. एका थरांतून दुसऱ्या थरांत जाणारा तंतु एकही नाहीं. दोन थरांमध्यें आहे ती केवळ राळ. म्हणजे फळी ज्या तंतूंच्या बळावर मिरवते, त्यांपैकीं कोणीही तिचे पदर धरून ठेवण्यास उभा नसतो. फळीच्या कडेशीं, भोंकाशीं, जाडी बदलते त्या पायरीशीं शेजारचे थर वेगवेगळ्या दिशांना ताणले जाऊं पाहतात, आणि तेथें राळेवर जो ताण येतो त्यानें पदर सुटूं लागतात. आधीं ओझ्याला आडव्या असलेल्या थरांत बारीक भेगा पडतात. त्या भेगा शेजारच्या थरापाशीं थांबतात आणि मग थरांच्या मधून आडव्या पसरतात. तंतु तुटण्याची पाळी सर्वांत शेवटीं येते, आणि ती आली कीं बहुधा क्षणांत सर्व संपतें. पोलाद मोडण्याआधीं वांकतें, लांबतें, करकरतें; शेजाऱ्यानें भांडणापूर्वीं आवाज चढवावा तसें. थरफळीला ही रीत माहीत नाहीं.

पदर सुटल्यानें काय बिघडतें, हें पाहण्यास पुठ्ठ्याच्या दहा पट्ट्या पुरतात. एक पट्टी वांकविण्यास जो जोर लागतो, त्याच्या दहापट जोर दहा सुट्या पट्ट्या एकत्र धरून वांकविण्यास लागतो. पण त्याच दहा पट्ट्या खळीनें घट्ट चिकटवून वाळूं द्या. आतां हजारपट जोर लागेल! ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो, परंतु ती जाडी एकजीव असली तरच. खळ सुटली कीं हजाराचे पुनः दहा झाले. विशेष हें, कीं एकही पट्टी फाटलेली नाहीं, वजन तेंच, रूप तेंच.

ओढतांना हें फारसें जाणवत नाहीं. सुटे पदरही ओढ सोसतात. दाबतांना मात्र जाणवतें. खराट्याचा एक हीर उभा धरून वरून दाबा. तो लगेच वांकतो. शेंदोनशें हीर आवळून बांधा; मग तोच खराटा चांगला भार सोसतो, कारण प्रत्येक हिराला शेजारचे हीर वांकूं देत नाहींत. राळ हेंच काम करते. ती जेथें पोकळ राहिली, किंवा तंतु जेथें मुळांतच किंचित् लहरत गेला, तेथें वांकण्याला वाव मिळतो. तंतूंत एक-दोन अंशांची लहर असली तरी दाब सोसण्याची शक्ति झपाट्यानें उतरते. म्हणून थरफळीचा ताण हा गुण आणि दाब ही परीक्षा, असें मी समजतों.

त्यांत पुन्हा मार लागण्याची भर. विमानाच्या पंखावर कामगाराच्या हातांतून एखादें अवजार पडलें, तर धातूच्या पत्र्याला पोंचा येतो आणि तो दिसतो. थरफळीवर तोच मार बसला तर वरून कदाचित् ओरखडाही दिसणार नाहीं. आंत मात्र थराथराला पदर सुटत जातात, आणि जसजसें खालीं जावें तसतसा सुटलेला भाग मोठा होत जातो. म्हणून विमान बांधणारे, अशी न दिसणारी इजा फळींत आहेच असें गृहीत धरून, तंतूंना त्यांच्या ऐपतीच्या एका लहान हिश्श्याइतकेंच ताणतात. रोल्स-रॉइस कंपनीनें आपल्या आरबी-२११ या एंजिनाच्या पंख्याचीं पातीं कार्बन तंतूंचीं केलीं होतीं. १९७० सालीं पक्षी आदळण्याच्या कसोटीला तीं उतरलीं नाहींत आणि टायटॅनियमचीं पातीं घ्यावीं लागलीं. त्या एंजिनाच्या खर्चानें कंपनी फेब्रुवारी १९७१ मध्यें दिवाळ्यांत गेली. एकट्या पात्यांवर तो दोष घालणें मात्र अन्यायाचें होईल. कार्बनाचीं पातीं पुढें १९९५ सालीं जनरल इलेक्ट्रिकच्या जीई-९० एंजिनांतून यशस्वीपणें आकाशांत गेलीं; त्यांच्या पुढच्या कडेला टायटॅनियमची पट्टी होती.

आंतली इजा शोधावी कशी? आज ध्वनिलहरींचीं यंत्रें आहेत. परंतु विमानतळावरचा जुना कारागीर अजूनही हातांत एक नाणें घेतो आणि फळीवर टिचक्या मारीत जातो. जेथें पदर सुटले असतील तेथें आवाज बद्द येतो. आमच्याकडे कुंभाराच्या दुकानांत मडकें वाजवून घेतात, त्याहून ही विद्या वेगळी नाहीं.

आतां ज्या घटनेमुळें हा विषय माझ्या मनांत घोळत राहिला, तिच्याकडे येतों. १८ जून २०२३ रोजीं ‘टायटन’ नांवाची लहान पाणबुडी उत्तर अटलांटिक महासागरांत ‘टायटॅनिक’ जहाजाचे अवशेष पाहण्यास पांच माणसांना घेऊन बुडाली, म्हणजे बुडी मारून गेली. आणि खरोखरच बुडाली. ओशनगेट या तिच्या मालक कंपनीचा प्रमुख स्वतः तींत होता. सुमारें पावणेदोन तासांनीं वर असलेल्या जहाजाशीं तिचा संबंध तुटला. चार दिवसांनीं, २२ जून रोजीं, टायटॅनिकच्या नाळेपासून सुमारें पांचशें मीटरांवर तिचे तुकडे सांपडले.

टायटॅनिक सुमारें ३,८०० मीटर खोल आहे. तेथें पाण्याचा दाब दर चौरस इंचास सुमारें अडीच टन असतो. अशा खोलीवर जाणाऱ्या पाणबुड्यांत माणसें बसण्याची जागा बहुधा पोलादाच्या किंवा टायटॅनियमच्या गोलांत असते. गोलाकार भिंत दाब सर्व बाजूंनीं सारखा वांटून घेते, आणि धातु समदर्शी असल्यामुळें तिला तो वांटा मानवतो. टायटनचें अंग मात्र नळकांड्यासारखें होतें. दोन्ही टोंकांना टायटॅनियमचे घुमट, आणि मधें कार्बन तंतूंची सुमारें पांच इंच जाडीची भिंत. नळकांड्यांत माणसें अधिक मावतात, आणि कार्बन हलकें, हें त्याचें कारण.

येथें एक आक्षेप कोणीही घेईल. बोइंग ७८७ हें विमान २०११ पासून प्रवासी नेत आहे, त्याच्या सांगाड्याचें निम्में वजन थरफळीचें आहे, त्याचें अंगही नळकांडेंच आहे. तें चालतें, तर हें कां चालूं नये? आक्षेप वाजवी आहे, पण उत्तर साधें आहे. उंचावर विमानाच्या आंत हवा अधिक आणि बाहेर विरळ. म्हणून भिंत बाहेर फुगूं पाहते आणि तंतु ताणले जातात. तोही दाब दर चौरस इंचास आठ-दहा पौंडांचा. पाणबुडींत तो उलट दिशेचा, आंत चेपणारा, आणि सुमारें साडेपांच हजार पौंडांचा. एकांत दोरी ओढावयाची आहे, दुसऱ्यांत तिच्यावर उभें राहावयाचें आहे.

ही भिंत एका दमांत केलेली नव्हती. एकेक इंचाचा जाड थर घालावयाचा, भाजावयाचा, मग त्यावर पुढचा, असे पांच. थरांवर वळ्या पडल्या, त्या घासून सपाट करण्यांत आल्या. आणि घासणें म्हणजे तंतु कापणें. या आधींच्या पहिल्या भिंतीला खोल बुड्यांनंतर २०१९ सालीं तडा दिसला होता, म्हणून ही दुसरी केली होती. कोणत्याही मान्यवर वर्गीकरण संस्थेकडून पाणबुडीची तपासणी करवून घेतलेली नव्हती. खुद्द कंपनींतल्या एका जबाबदार अधिकाऱ्यानें २०१८ सालीं आपली भीति लेखी मांडली होती. त्याला काढून टाकण्यांत आलें.

त्याऐवजीं भरंवसा होता तो भिंतीला जोडलेल्या कानांवर. तंतु तुटला कीं लहानसा आवाज होतो. असे आवाज टिपणारीं यंत्रें आणि भिंत किती आंखडते हें मोजणारे मापक बसविले होते. इजा वाढूं लागली कीं भिंतच ओरडून सांगेल, आणि आपण वर येऊं, ही कल्पना. ऐकतांना ती मोठी शहाणपणाची वाटते. पण तंतु तुटण्याची पाळी शेवटीं येते, हें आपण मघांच पाहिलें. आणि त्या खोलीवर शेवटाला मिलिसेकंदांचा अवकाश असतो.

तरी न्याय असा, कीं त्या कानांनीं आपलें काम केलें. १५ जुलै २०२२ रोजीं ऐंशीव्या बुडीवरून वर येतांना आंतल्या माणसांना एक मोठा धडाका ऐकूं आला. त्यानंतरच्या बुड्यांत मापकांनीं दाखविलेले आंकडे पूर्वीच्या आंकड्यांशीं जुळेनासे झाले. भिंत त्याच दाबाखालीं निराळ्या रीतीनें आंखडूं लागली होती. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तज्ज्ञांनीं पुढें याचा अर्थ लावला तो हाच, कीं त्या दिवशीं पदर सुटले. पांच एकजीव इंचांचा ताठरपणा एका इंचाच्या सव्वाशेंपट असतो. पांचही सुटे झाले तर पांचपट उरतो. सगळे पदर एकदम सुटले असें नव्हे, पण वाट ती होती. आंकडे नोंदले गेले. ते वाचून कोणी पाणबुडी थांबविली नाहीं. तो हिंवाळा ती न्यूफाउंडलंडमध्यें उघड्यावर, गोठणाऱ्या थंडींत पडून होती. पुढच्या उन्हाळ्यांत ती पुनः समुद्रावर नेली, आणि अठ्ठ्याऐंशीवी बुडी शेवटची ठरली.

समुद्राच्या तळावरून जे तुकडे वर आणले, त्यांत भिंतीचे जाड थर चिकटविलेल्या सांध्यांपाशीं एकमेकांपासून अलग झालेले आढळले. परंतु तज्ज्ञांनीं दुसरेही कांहीं तुकडे तपासले. भिंत तयार झाली त्या वेळीं तिच्या कडा कापून सारख्या केल्या होत्या, आणि तीं कापणें जपून ठेवलेलीं होतीं. तीं समुद्रांत कधींच गेलीं नव्हतीं. सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांत लहरत गेलेले तंतु, राळेंतल्या पोकळ्या आणि थरांमधल्या सांध्यांतल्या रित्या जागा स्पष्ट दिसत होत्या.